विश्लेषण : लीबिग यांना आयुष्यभर न उलगडलेले पांढरे स्फटिक! फॉस्फरस-नायट्रोजनच्या वलयाची १९० वर्षांची गोष्ट काय आहे?

पुंडलिकनगरातून प्रॅक्टिकलचे जर्नल घेऊन कॉलेजला निघणाऱ्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला लीबिग हे नाव एका काचेच्या नळीमुळे माहीत असते. आतून वाफ, बाहेरून थंड पाणी आणि टोकाला थेंब थेंब पडणारा शुद्ध द्रव, असा हा लिबिग कंडेन्सर. प्रत्यक्षात तो लीबिग यांनी शोधलेला नाही. तशी रचना अठराव्या शतकातच वापरात होती. त्यांनी तिचा प्रसार केला आणि त्यांचे नाव तिला चिकटले. उलट, जो पदार्थ त्यांनी मित्रासोबत खरोखर तयार केला, त्याला त्यांचे नाव मिळाले नाही. १८३४ मध्ये नोंदवलेले ते एक पांढरे स्फटिकी संयुग होते. फॉस्फरस आणि नायट्रोजन ही दोन मूलद्रव्ये त्यात वलयात गुंफलेली आहेत, हे लीबिग यांना अखेरपर्यंत कळले नाही.

हीच दोन मूलद्रव्ये मोंढ्यातल्या खताच्या दुकानातही भेटतात. डीएपीच्या गोणीवरचा १८ हा आकडा नायट्रोजनचा आणि ४६ हा फॉस्फेटच्या रूपातील फॉस्फरसचा. पिकाला ही मूलद्रव्ये का लागतात, हे जगाला पटवून देणाऱ्यांतही लीबिग हेच आघाडीवर होते. मात्र एका ठिकाणी ते न कळूनही बरोबर ठरले आणि दुसऱ्या ठिकाणी पूर्ण खात्री असूनही चुकले. ते कसे, हे समजून घेऊ.

कोण होते युस्टुस फॉन लीबिग?

लीबिग यांचा जन्म १२ मे १८०३ रोजी जर्मनीतील डार्मश्टाट येथे झाला. वडिलांचा रंग, वार्निश आणि औषधी द्रव्यांचा व्यापार होता. ही द्रव्ये घरीच तयार होत असल्याने भट्टी, बाटल्या आणि उग्र वास यांच्यातच मुलाचे बालपण गेले. शाळेत त्यांची प्रगती बेताचीच होती. जत्रेतल्या एका फिरत्या विक्रेत्याकडे फटकन वाजणारी खेळणी बनताना त्यांनी पाहिली आणि त्यातल्या स्फोटक पदार्थाचे, म्हणजे फल्मिनेटचे वेड त्यांना लागले. हेपेनहाइम येथे औषधविक्रेत्याकडे त्यांना उमेदवारीसाठी ठेवले गेले, पण काही महिन्यांतच ते घरी परतले. प्रयोग करताना छप्पर उडाले म्हणून त्यांना हाकलले, अशी दंतकथा आहे. वडिलांना शुल्क परवडले नाही, हे कारण अधिक संभवते.

पुढे बॉन आणि एरलांगेन येथे शिक्षण घेतल्यावर हेसेच्या ग्रँड ड्यूकच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले. रसायनशास्त्र मोजमापावर चालते, हे त्यांना तिथे उमगले. फल्मिनेटवरील त्यांचे काम अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांच्या नजरेत भरले. हम्बोल्ट यांच्या शब्दामुळे गे-ल्युसॅक यांच्या प्रयोगशाळेचे दार उघडले आणि १८२४ मध्ये, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, लीबिग गीसेन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

शत्रू होता होता मित्र कसा मिळाला?

लीबिग फल्मिनेटवर काम करत होते, त्याच सुमारास फ्रेडरिक व्होलर हा दुसरा तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञ सायनेट या पदार्थाचे विश्लेषण करत होता. सिल्व्हर फल्मिनेट हाताळताना स्फोट होतो, सिल्व्हर सायनेट मात्र त्या मानाने शांत. तरीही दोन्ही पदार्थांत चांदी, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचे प्रमाण अगदी सारखे निघाले. लीबिग यांचा स्वभाव तापट. व्होलर यांचे विश्लेषण चुकल्याचे त्यांनी जाहीर करून टाकले. मग दोघे भेटले, मोजमापे पुन्हा झाली आणि व्होलर बरोबर असल्याचे लीबिग यांनी मान्य केले.

या भांडणातून एक मोठी गोष्ट हाती आली. घटक तेच, प्रमाण तेच, पण मांडणी वेगळी असेल तर पदार्थ वेगळा होतो. बर्झेलियस यांनी १८३० मध्ये या प्रकाराला समघटकता हे नाव दिले. बारावीच्या पुस्तकातला हा धडा म्हणजे एका गैरसमजाचे फलित आहे. भांडणातून जुळलेली मैत्री पुढे जवळपास ५० वर्षे टिकली. १८३२ मध्ये व्होलर यांच्या पत्नीचे निधन झाले, तेव्हा लीबिग यांनी त्यांना गीसेनला बोलावून घेतले. दुःखात बुडालेल्या मित्राला त्यांनी प्रयोगात गुंतवले. कडू बदामाच्या तेलावरील दोघांचे प्रसिद्ध संशोधन त्याच उन्हाळ्यातले.

१८३४ मध्ये नेमके काय घडले?

त्या काळात नायट्रोजनची संयुगे हा लीबिग यांच्या आवडीचा विषय होता. प्लॅस्टिकच्या ताटल्यांमुळे आणि दुधातील भेसळीमुळे घराघरांत पोहोचलेला मेलामाइन हा पदार्थही त्यांनी १८३४ मध्येच नोंदवला. मेलामाइनमध्ये कार्बन आणि नायट्रोजन एकाआड एक बसून सहा अणूंचे वलय करतात.

त्याच वर्षी लीबिग यांनी व्होलर यांच्यासोबतचा आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. फॉस्फरस पेंटाक्लोराइड या पदार्थावर त्यांनी अमोनिया वायूची क्रिया घडवली. क्रिया जोरकस होती आणि बरीच उष्णता बाहेर पडली. हाती आलेला बहुतेक भाग कशातच न विरघळणाऱ्या पांढऱ्या भुकटीचा होता. मात्र तिच्यासोबत थोडेसे वेगळे काहीतरी होते. ते पाण्याच्या वाफेबरोबर वर निघून येई आणि थंड झाल्यावर त्याचे सुबक स्फटिक बनत.

आश्चर्य इथेच होते. फॉस्फरस पेंटाक्लोराइडवर पाणी पडले की ते फसफसून विघटित होते. मग त्याच्यापासून झालेला, भरपूर क्लोरिन असलेला हा पदार्थ पाण्याच्या वाफेत कसा टिकतो? लीबिग यांनी विश्लेषण केले, घटकांचे प्रमाण काढले आणि ते छापले. ते प्रमाण पूर्णपणे अचूक नव्हते. पण पदार्थ कसा मिळवायचा, तो कसा दिसतो, कशाला दाद देत नाही, याची नोंद इतकी स्वच्छ होती की पुढच्या पिढ्यांना तो पुन्हा करून पाहता आला.

हे कोडे त्यांना का सुटले नाही?

लीबिग यांच्याकडे त्या काळातील सर्वात चांगली तराजू-पद्धत होती. १८३१ मध्ये त्यांनी पाच फुगे असलेले काचेचे एक उपकरण तयार केले. पदार्थ जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड त्यातील कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात शोषला जाई. उपकरणाचे वजन किती वाढले, यावरून पदार्थात कार्बन किती, हे कळत असे. पूर्वी कसलेल्या शास्त्रज्ञाचे अनेक दिवस खाणारे काम आता विद्यार्थी करू लागले.

पण तराजू फक्त किती ते सांगतो, कसे ते सांगत नाही. एखाद्या यंत्राचे सुटे भाग मोजून दिले तरी जोडणीचा नकाशा हाती येत नाही, तसेच हे होते. अणू एकमेकांना धरून साखळी किंवा वलय करू शकतात, ही कल्पनाच १८३४ मध्ये अस्तित्वात नव्हती.

ती कल्पना पुढे लीबिग यांच्याच वर्गातून आली. गीसेनमधील त्यांची प्रयोगशाळा छावणीतल्या जुन्या पहारेघरात होती. जागा अपुरी आणि धूर भरपूर. तरी तिथे देशोदेशींचे तरुण येत. विद्यार्थ्याने फक्त व्याख्यान न ऐकता स्वतःच्या हाताने प्रयोग करायचा, रोज काय झाले ते सांगायचे आणि मगच नवा प्रश्न हाती घ्यायचा, ही पद्धत तिथे रुजली. आजच्या विज्ञान महाविद्यालयांतील प्रॅक्टिकलचे मूळ बऱ्याच अंशी या पहारेघरात आहे. आउगुस्ट केकुले हा तरुण गीसेनला वास्तुशास्त्र शिकायला आला होता. लीबिग यांची व्याख्याने ऐकून तो रसायनशास्त्राकडे वळला. बेन्झिनमधील सहा कार्बन अणू वलयात बसलेले असतात, ही कल्पना त्यानेच १८६५ मध्ये मांडली.

मोजमापाचा माणूस शेतात कसा चुकला?

१८४० मध्ये लीबिग यांनी शेतीच्या रसायनशास्त्रावर पुस्तक लिहिले आणि युरोपात खळबळ उडाली. वनस्पती जमिनीतला कुजलेला भाग खाऊन जगतात, असे तेव्हा मानले जाई. कार्बन हवेतून येतो, जमिनीतून पोटॅश, फॉस्फेट असे खनिज क्षार येतात आणि पिकाने नेलेले जमिनीला परत द्यावे लागते, असे लीबिग यांनी ठामपणे सांगितले. जो घटक सर्वात कमी, त्यावर उत्पादन अडते, हा नियमही त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाला. मुळात तो कार्ल श्प्रेंगेल यांनी त्याआधीच मांडला होता.

इथपर्यंत ठीक होते. मात्र नायट्रोजनच्या बाबतीत त्यांनी एक निष्कर्ष घाईने काढला. पावसाबरोबर हवेतला अमोनिया जमिनीत उतरतो आणि पिकाला तेवढा पुरतो, असे ते म्हणू लागले. १८४५ मध्ये त्यांच्या सूत्रानुसार इंग्लंडमध्ये खत बाजारात आले. पावसाने क्षार वाहून जाऊ नयेत म्हणून ते चुन्यासोबत भट्टीत वितळवून घट्ट केले होते. त्यामुळे ते पावसात वाहून गेले नाहीत. पण ते पाण्यात विरघळेनात, म्हणून मुळांनाही मिळेनात. पैसे मोजून खत टाकलेल्या शेतकऱ्यांना पिकात फरक दिसला नाही.

दरम्यान, इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी १८४३ पासून गव्हाच्या वाफ्यांवर वर्षानुवर्षे प्रयोग चालवले होते. नायट्रोजन दिलेल्या वाफ्यांत गहू स्पष्टपणे जास्त येत होता. लीबिग यांनी त्यांच्याशी अनेक वर्षे कडवट वाद घातला. हवेतला नायट्रोजन जमिनीत येतो हे एका अर्थाने खरे आहे, पण तो मार्ग मराठवाड्यातील तूर-हरभऱ्यासारख्या पिकांच्या मुळांवरील गाठींतून, त्यातल्या जिवाणूंमार्फत जातो. हे १८८० च्या दशकात सिद्ध झाले.

सूक्ष्मजीवांबाबतही त्यांची खात्री आड आली. यीस्ट हा सजीव असून त्यामुळे साखरेची दारू होते, या मताची लीबिग आणि व्होलर यांनी १८३९ मध्ये निनावी लेखातून टर उडवली होती. पुढे लुई पाश्चर यांच्याशी लीबिग यांचा दीर्घ वाद झाला. त्यात सरशी पाश्चर यांची झाली.

पुढे लीबिग यांना खताच्या फसलेल्या सूत्राचे कारण कळले. माती काही क्षार स्वतःच धरून ठेवते, त्यामुळे ते अविद्राव्य करण्याची गरजच नव्हती. निसर्गाने केलेल्या सोयीत आपण नको ती सुधारणा करायला गेलो, अशी कबुली त्यांनी आपल्या शेतीच्या पुस्तकाच्या १८६२ च्या आवृत्तीत दिली. पांढऱ्या स्फटिकाबाबत त्यांनी जे दिसले तेच लिहिले होते. शेताबाबत त्यांनी आधी उत्तर लिहिले आणि पडताळणी शेतकऱ्यांच्या पैशांवर सोडली. दोन्ही वेळा मूलद्रव्ये तीच होती.

शेवटची वर्षे कशी गेली?

१८५२ मध्ये बव्हेरियाच्या राजाच्या निमंत्रणावरून लीबिग म्युनिकला गेले. विद्यार्थ्यांना रोज प्रयोगशाळेत शिकवण्याचे काम त्यांनी सोडले आणि व्याख्याने, लेखन व उद्योग यांकडे लक्ष दिले. मांसाचा अर्क, आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांसाठी खाद्य, पाऱ्याऐवजी चांदीचा मुलामा दिलेले आरसे, असे अनेक विषय त्यांनी हाताळले. पाऱ्याच्या वाफेने कारागिरांचे आरोग्य खचत असे, त्यामुळे चांदीच्या आरशाचे महत्त्व मोठे होते. १८ एप्रिल १८७३ रोजी त्यांचे निधन झाले. व्होलर त्यांच्यामागे ९ वर्षे जगले. दोघांचा पत्रव्यवहार पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. गीसेनचे विद्यापीठ आज लीबिग यांच्या नावाने ओळखले जाते आणि ते जुने पहारेघर आता संग्रहालय आहे.

वलयाचा उलगडा कधी झाला?

लीबिग हयात असतानाच इतरांनी त्या स्फटिकाचे प्रमाण दुरुस्त केले. त्याच्या वाफेची घनता मोजल्यावर एका रेणूत तीन फॉस्फरस, तीन नायट्रोजन आणि सहा क्लोरिन असल्याचे दिसले. तरी मांडणी कळायला १८९० चे दशक उजाडले. हेन्री स्टोक्स या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने फॉस्फरस आणि नायट्रोजन एकाआड एक बसून सहा अणूंचे वलय करतात, असे सुचवले. प्रत्येक फॉस्फरसवर दोन क्लोरिन लटकलेले. म्हणजे आकार केकुले यांच्या बेन्झिनसारखा, फक्त त्यात कार्बनचा एकही अणू नाही. स्टोक्स यांना याहून मोठी वलयेही सापडली. हे स्फटिक तापवल्यावर वलय उघडून रबरासारखा पदार्थ बनतो, हेही त्यांनी नोंदवले. विसाव्या शतकात क्ष-किरणांच्या साह्याने वलयावर शिक्कामोर्तब झाले. त्यातील बंध नेमके कसे आहेत, यावर मात्र शास्त्रज्ञ नंतरही बराच काळ वाद घालत राहिले.

लीबिग यांना हा पदार्थ थोडाच का मिळाला, तेही स्पष्ट झाले. अमोनिया वायू भराभर जवळपास सगळा क्लोरिन काढून घेतो आणि न विरघळणारी भुकटी उरते. १९२४ मध्ये शेंक आणि र‍्योमर यांनी अमोनियाऐवजी अमोनियम क्लोराइड वापरले. भांड्यांना कल्हई करताना लागणारा नवसागर तो हाच. योग्य द्रावकात उकळत ठेवल्यावर क्रिया संथ चालते, हायड्रोजन क्लोराइड वायू निघून जातो आणि वलये चांगल्या प्रमाणात मिळतात. पुढील कित्येक दशके हाच मार्ग पायाभूत राहिला.

मग हे वलय चमकते कसे?

काही पदार्थ अतिनील प्रकाश शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. बँकेतल्या दिव्याखाली नोटेवरचे तंतू उजळतात, तो हाच प्रकार. त्याला प्रतिदीप्ती म्हणतात. १८५२ मध्ये जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या केंब्रिजच्या शास्त्रज्ञाने त्याचा उलगडा करून इंग्रजी नाव दिले. हे स्टोक्स वेगळे आणि वलयाचे स्टोक्स वेगळे. विद्यार्थ्यांची इथे हमखास गल्लत होते.

लीबिग यांचे स्फटिक मात्र स्वतः चमकत नाही. फॉस्फरस-नायट्रोजनचे हे वलय दृश्य प्रकाश आणि जवळचा अतिनील प्रकाश शोषतच नाही. गंमत अशी की त्याचा उपयोग नेमका यामुळेच आहे. वलयावरचे सहा क्लोरिन एकेक करून किंवा एकदम बदलता येतात. त्यांच्या जागी पायरीन, नॅफ्थॅलीन, कुमारिन अशा चमकणाऱ्या गटांची जोडणी करता येते. तीन जागा वलयाच्या वर, तीन खाली. झुंबराचा सांगाडा स्वतः उजेड देत नाही, पण दिवे कुठे आणि किती अंतरावर टांगायचे ते ठरवतो, तसे हे वलय काम करते. सांगाडा प्रकाश शोषत नसल्याने दिव्यांच्या कामात तो लुडबुड करत नाही.

दिव्यांमधले अंतर महत्त्वाचे असते. चमकणारे रेणू फार जवळ आले की अनेकदा एकमेकांचा प्रकाश मंद करतात. पायरीनसारखे काही रेणू जोडीने वेगळ्याच रंगाचा प्रकाश देतात. एखादा धातूचा आयन किंवा दुसरा रेणू जवळ आला की हा प्रकाश बदलतो आणि तो बदल मोजून त्या पदार्थाचा माग काढता येतो. पाण्यातील धातूंचे आयन आणि स्फोटकांचे अंश ओळखण्यासाठी अशा संयुगांवर प्रयोगशाळांत काम झाले आहे. फल्मिनेटच्या स्फोटांनी सुरू झालेल्या आयुष्यातला एक प्रयोग असा स्फोटके शोधण्याच्या कामी येऊ पाहत आहे.

आज त्याचा उपयोग कुठे होतो?

प्रकाशाचे बरेचसे काम अजून संशोधनाच्या टप्प्यात आहे, पण वलयाचे इतर उपयोग बाजारात आले आहेत. फॉस्फरस आणि नायट्रोजन एकत्र असल्याने ही संयुगे आग पसरू देत नाहीत. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सर्किट बोर्डांसाठी लागणाऱ्या रेझिनमध्ये ती मिसळली जातात. क्लोरिनऐवजी फ्लोरिन असलेले वलय लिथियम बॅटरीतील द्रवात पेट घेण्याचा धोका कमी करण्यासाठी वापरतात. शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात इलेक्ट्रिक वाहनांच्या प्रकल्पांची चर्चा सुरू असताना हा उपयोग दूरचा राहिलेला नाही. स्टोक्स यांच्या रबरासारख्या पदार्थाला १९६० च्या दशकात अमेरिकेत हॅरी ऑलकॉक यांनी टिकाऊ रूप दिले. त्यातून तेल आणि थंडी सोसणारी रबरे तयार झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही या वलयांवर प्रदीर्घ संशोधन झाले आहे.

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये निरीक्षण आणि अनुमान असे दोन वेगळे रकाने असतात. अपेक्षित उत्तर आले नाही की निरीक्षणाचा रकाना मागाहून जुळवून घेण्याचा मोह अनेकांना होतो. लीबिग यांच्या १८३४ च्या नोंदीत अनुमान अपुरे होते आणि प्रमाणही थोडे चुकलेले होते. निरीक्षण मात्र जसेच्या तसे होते. म्हणून ६० वर्षांनंतर, दुसऱ्या खंडात बसलेल्या माणसाला तिथून पुढे जाता आले.